पर्समध्ये मावणारं हत्यार : शिरढोण ते निर्भीक



मागच्या वेळी आम्ही इथे कामोठ्यातच वासुदेव बळवंत फडके यांच्यावर बोललो होतो. त्यांचं गाव शिरढोण. पनवेल ओलांडून गोवा रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात येतं. फडक्यांचं बंड १८७९ चं, आणि इंग्रजांचा शस्त्र कायदा त्याच्या आदल्याच वर्षीचा, १८७८ चा. त्यामुळे त्या दिवशी कायद्याबद्दल बरंच बोलणं झालं. शेवटी प्रश्न घेतले तेव्हा मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. रुग्णालयात नर्स आहे. तिने विचारलं, "काका, कायद्याचं कळलं. पण मला पर्समध्ये ठेवायला एखादं छोटं, हलकं, फार झटका न देणारं पिस्तूल घ्यायचं असेल, तर कुठलं घ्यावं?"

हॉलमध्ये हशा झाला. ती मात्र हसली नाही. दुसरी पाळी संपवून मानसरोवर स्टेशनला उतरायचं आणि तिथून घरापर्यंत दहा मिनिटं चालायचं, असा तिचा रोजचा क्रम. तेव्हा आम्ही काहीतरी वरवरचं बोलून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर आमचं आम्हालाच वाईट वाटलं. प्रश्न सरळ होता, त्याला सरळ उत्तर द्यायला हवं होतं. म्हणून आजचं व्याख्यान त्या प्रश्नावर.

आम्ही इतिहासाची माणसं आहोत, शस्त्रांचे व्यापारी नाही. म्हणून आम्ही या प्रश्नाकडे इतिहासातून जाणार आहोत. छोटं, लपवता येणारं, "बाईच्या हाताला झेपेल असं" हत्यार ही कल्पना आली कुठून? आपल्याकडे ती कशी पोहोचली? आणि प्रत्येक वेळी ते हत्यार बनवणाऱ्याने नेमका कशाचा विचार केला होता? बाईच्या हाताचा, तिच्या पर्सचा, की आणखी कशाचा?

सुरुवात कायद्यापासून करू, कारण आपल्याकडे बंदुकीची गोष्ट दुकानात सुरू होत नाही, ती कचेरीत सुरू होते.

१८६० साली भारतीय दंड संहिता आली. तिच्यात स्वसंरक्षणाचा हक्क स्पष्ट लिहिलेला होता. कलम १०० तर असं सांगत होतं की बलात्काराच्या हेतूने कोणी हल्ला केला, तर स्वतःला वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. आज दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, १ जुलै २०२४ पासून ती लागू आहे, पण हा हक्क तिच्यातही तसाच आहे. म्हणजे बघा, बाईला स्वतःचा जीव आणि अब्रू वाचवण्याचा हक्क कायद्याने दीडशेहून अधिक वर्षं मान्य केलेला आहे.

पण त्यानंतर अठराच वर्षांनी, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, शस्त्र कायदा आला. १८५७ ची धास्ती सरकारच्या मनातून गेली नव्हती. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही, असं ठरलं. मात्र युरोपियन माणसाला त्यातून सूट! एखाद्या मडमेने हातपिशवीत छोटं रिव्हॉल्व्हर ठेवलं तर तिला कोणी विचारणार नव्हतं. पनवेलच्या बाईने ठेवलं तर तुरुंग. हक्क सगळ्यांना, साधन मात्र ठरावीक लोकांना, अशी ती व्यवस्था होती.

काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासूनच या कायद्याविरुद्ध ठराव केले. आणि अहिंसेचे पुरस्कर्ते असलेल्या गांधीजींनीसुद्धा १९१८ साली, सैन्यभरतीच्या पत्रकात, एका सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना इंग्रजी राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत केली होती. आपल्याला हे ऐकून आश्चर्य वाटतं, पण त्या काळात हा प्रश्न बंदूक चांगली की वाईट असा नव्हता. तो आम्ही नागरिक की प्रजा, असा होता.

आता दुसरा धागा घेऊ, हत्याराचा.

सॅम्युएल कोल्टचं अमेरिकन पेटंट १८३६ चं. त्याच्यामुळे फिरत्या नळकांड्याचं रिव्हॉल्व्हर बाजारात आलं. पण खिशातली पिस्तुलं त्याच्याही आधीची. युरोपात थंडीत बायका हात उबदार राहावेत म्हणून दोन्ही बाजूंनी हात घालायची एक लोकरी किंवा फरची नळी वापरत, तिला 'मफ' म्हणत. त्या मफमध्ये मावणारं चिमुकलं पिस्तूल ते 'मफ पिस्तूल'. एक गोळी, फार तर दोन. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरचं खिशातलं पिस्तूल इतकं गाजलं की त्याचं नावच पुढे अशा सगळ्या छोट्या पिस्तुलांना चिकटलं. १८६५ साली लिंकन यांचा खून अशाच पिस्तुलाने झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सायकल आली. रस्त्यावरची कुत्री सायकलवाल्यांच्या मागे लागत. तर फ्रान्समध्ये त्यासाठी एक रिव्हॉल्व्हर निघालं, त्याचं नाव 'व्हेलो-डॉग'. (हशा) हसू नका, खरंच. कामोठ्यात रात्री दुचाकीवरून येणाऱ्यांना त्याची गरज लगेच पटेल.

आणि मग १९०२ साली अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीने एक रिव्हॉल्व्हर काढलं, 'लेडीस्मिथ'. .२२ बोअरचं, सात गोळ्यांचं, तळहाताएवढं. ते १९२१ पर्यंत बनत होतं. स्त्री हे गिऱ्हाईक समोर ठेवून हत्याराचं नावच तिच्यावरून ठेवण्याचं हे ठळक उदाहरण. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याच कंपनीने तेच नाव पुन्हा वापरलं, आता .३८ च्या रिव्हॉल्व्हरसाठी.

या सगळ्या हत्यारांत एक समान गोष्ट आहे. बनवणाऱ्याने आधी जागा मोजली. मफमध्ये मावेल का, खिशात मावेल का, हातपिशवीत मावेल का. ते हातात धरल्यावर काय होतं, हा प्रश्न नंतरचा. हे लक्षात ठेवा, कारण याच मुद्द्यावर आपण परत येणार आहोत.

आता हा धागा महाराष्ट्रात आणू. लपवता येणारं छोटं हत्यार आपल्याकडच्या राजकीय इतिहासात आलं ते बाईच्या पर्समधून नाही, ते आलं ट्रंकेच्या चोरकप्प्यातून. १९०९ साली सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर मुंबईला पाठवली. बेल्जियमच्या कारखान्यात बनलेलं हे पिस्तूल ७.६५ मिलिमीटरचं, म्हणजे आपण ज्याला .३२ म्हणतो ते. वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, चपटं, बाहेर आलेला घोडा नाही. कोटाच्या खिशातून काढताना कुठे अडकत नाही. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंगनेच. कान्हेरेंना पुढच्या एप्रिलमध्ये फाशी झाली ती ठाण्याच्या तुरुंगात.

बायकांच्या हातात हे छोटं हत्यार दिसतं ते वीस वर्षांनी. ऑक्टोबर १९३० मध्ये, भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली त्यानंतर लगेच, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या पोलीस ठाण्याबाहेर एका मोटारीतून गोळ्या झाडल्या गेल्या. सार्जंट टेलर आणि त्याची पत्नी जखमी झाली. झाडणाऱ्यांत होत्या दुर्गावती देवी, म्हणजे दुर्गाभाभी. याच दुर्गाभाभींनी त्याआधी, डिसेंबर १९२८ मध्ये, भगतसिंगांची पत्नी बनून त्यांना लाहोरमधून बाहेर काढलं होतं. लॅमिंग्टन रोडला आज डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात. आपण तिथे इलेक्ट्रॉनिक सामान घ्यायला जातो, ही गोष्ट मात्र कोणाला आठवत नाही.

पुढच्याच वर्षी, १४ डिसेंबर १९३१ ला, बंगालमधल्या कोमिल्ला इथे शांती घोष आणि सुनीती चौधरी या दोन शाळकरी मुलींनी जिल्हा मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्सला त्याच्याच बंगल्यात गोळ्या घातल्या. आणि ६ फेब्रुवारी १९३२ ला कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास यांनी गव्हर्नर जॅक्सनवर पाच गोळ्या झाडल्या. गव्हर्नर वाचला. हा जॅक्सन वेगळा बरं का, नाशिकचा नव्हे.

या घटना आम्ही इथे सांगतो आहोत त्या शौर्याची यादी म्हणून नाही. त्यांतून आपल्या प्रश्नासाठी एक गोष्ट हाती लागते. बाईने हत्यार लपवणं सोपं होतं. साडी होती, शाल होती, आणि बाईची झडती घ्यायला पोलीस कचरत. पण लपवलेलं हत्यार बाहेर काढून, हात थरथरत असताना, हवं तिथे गोळी लागणं हे वेगळं काम. बीना दास यांच्या पाच गोळ्या बंद सभागृहात, जवळून झाडलेल्या होत्या. लपवण्याची सोय आणि नेम, या दोन गोष्टी एकत्र येतीलच असं नाही.

स्वातंत्र्य आलं. १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला, १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. गोऱ्या-काळ्याचा भेद त्यात अर्थातच उरला नाही, पण परवान्याची चौकट राहिली. आणि एक गोष्ट अशी झाली जी बंदुकीच्या दुकानात गेल्याशिवाय कळत नाही. सैन्य आणि पोलीस वापरतात ते बोअर सामान्य नागरिकाला बंद. ९ मिलिमीटर बंद, .३८ बंद. मग हातात धरायच्या बंदुकांत नागरिकाला मुख्यतः उरलं काय? .३२ आणि .२२. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी परदेशी बंदुकांची आयातही थांबली. म्हणून जुनी इंग्रजी वेब्ली आजही कोणी विकायला काढली तर तिला सोन्यासारखा भाव येतो.

हे नीट बघा. अमेरिकेतल्या बाईपुढे दुकानात शंभर नग मांडलेले असतात, आणि ती हाताला कोणता बसतो ते पाहते. आपल्याकडच्या बाईपुढे बोअर आधीच ठरलेलं आहे. तिच्या हाताकडे बघून ते कोणी ठरवलेलं नाही. सैन्याची काडतुसं बाहेर फुटू नयेत म्हणून ते ठरलं. योगायोगाने .३२ हे मवाळ काडतूस आहे, त्यामुळे "कमी झटक्याचं" हा अर्धा प्रश्न कायद्यानेच सोडवला, असं म्हणायला हरकत नाही! आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये जातं ते .३२ काडतूस मुळात १८९६ सालचं, स्मिथ अँड वेसनचं. आज ते भारतात बनतं. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं काडतूस बुडावरच्या 'केएफ' या खुणेने ओळखतात. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी. हा कारखाना १८६९ चा, म्हणजे शस्त्र कायद्याहूनही जुना.

आता येऊ आपल्या काळात. १६ डिसेंबर २०१२ ला दिल्लीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर वर्षभराने, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. नाव 'निर्भीक'. निर्भया या नावाचाच तो पडसाद होता, आणि कारखान्याने तसं सांगितलंही. .३२ बोअर, सहा गोळ्या, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा सांगाडा, वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. भारतातलं पहिलं "स्त्रियांसाठीचं" रिव्हॉल्व्हर अशी त्याची जाहिरात झाली. दागिन्यांच्या डबीसारख्या पेटीत ते मिळत होतं.

त्यावर तेव्हा दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. कोणी म्हणालं, बरं झालं. कोणी म्हणालं, सरकारने रस्ते सुरक्षित करायचे की बाईच्या हातात सव्वा लाखाची वस्तू द्यायची? किंमतच अशी की ज्या बाईला रात्री पायी घरी जावं लागतं तिला ती परवडणार नाही, आणि जिला परवडते ती गाडीतून जाते. ही टीका आम्हाला तेव्हाही पटली होती, आजही पटते. पण आज आम्हाला वेगळा मुद्दा मांडायचा आहे, कारण त्या मुलीचा प्रश्न "हलकं आणि कमी झटक्याचं" असा होता.

मंडळी, हलकं आणि कमी झटक्याचं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत.

शाळेतला न्यूटन आठवा. गोळी पुढे जाते, बंदूक मागे येते. काडतूस तेच ठेवलं आणि बंदुकीचं वजन निम्मं केलं, तर ती दुप्पट वेगाने मागे येते आणि हाताला बसणारी धक्क्याची ऊर्जाही दुप्पट होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने 'प्रबळ' नावाचं .३२ रिव्हॉल्व्हर आणलं, त्याचं वजन ७०० ग्रॅम. तेच काडतूस ५०० ग्रॅमच्या निर्भीकमधून उडवलं, तर धक्का ७०० ग्रॅमवाल्याच्या सुमारे चाळीस टक्के जास्त. पर्सला जे हलकं वाटतं तेच मनगटाला जड जातं. .३२ मवाळ आहे म्हणून तो सहन होतो, पण "हलकं आहे म्हणून बाईला सोपं" हे वाक्य मुळातच उलटं आहे.

याचा पुरावा हवा तर कोल्हापूरला जा. राही सरनोबत, २०१३ मध्ये चँगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण, २०१८ मध्ये आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण. आशियाई खेळांत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. या प्रकारात बोअर असतं .२२, सगळ्यांत लहान. गोळी साधारण अडीच ग्रॅमची, .३२ ची असते सहा ग्रॅमच्या पुढे. आणि पिस्तुलाचं वजन? नियमाने १४०० ग्रॅमपर्यंत चालतं. म्हणजे जिला जगात सर्वांत नेमकी गोळी मारायची आहे ती बाई लहान गोळी आणि जड पिस्तूल घेते. निर्भीकमध्ये गोळी मोठी आणि पिस्तूल हलकं. एक हत्यार हाताकडे बघून घडलं, दुसरं पर्सकडे बघून.

वजनाखेरीज आणखी दोन गोष्टी. एक म्हणजे चाप. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी न ओढता थेट चाप दाबायचा तर बोटाला चार-पाच किलोंचा जोर लावावा लागतो. बोट लहान असेल तर सगळी मूठ हलते आणि नेम खाली जातो. प्रबळच्या वेळी चाप हलका केला म्हणून सांगितलं गेलं, ते या दृष्टीने शहाणपणाचं होतं. दुसरी म्हणजे मूठ. लपवायला सोपं जावं म्हणून मूठ आखूड केली की करंगळीला जागा राहत नाही, आणि धक्का तळहाताच्या एकाच जागी बसतो. मग आपोआप चालणारं पिस्तूल घ्यावं का, जसं सरकारी कारखान्याचं .३२ चं 'अशनी'? त्याला चाप सोपा, पण पहिली गोळी भरताना वरचा सरकता भाग मागे ओढावा लागतो. अशा साध्या रचनेच्या पिस्तुलात ती स्प्रिंग कडक असते. काहींच्या बोटांना ते जमतच नाही. आणि हे कळणार कधी? हातात घेतल्यावर. जाहिरात वाचून नाही.

जत्रेत फुगे फोडायची छर्ऱ्याची बंदूक आपण सगळ्यांनी चालवलेली असते. तिला झटका जवळजवळ नसतो. तो अनुभव मनात धरून कोणी रिव्हॉल्व्हर घेतलं, तर पहिल्या गोळीला डोळे मिटतात. दुसऱ्या गोळीला तर आवाजाआधीच मिटतात. यावर उपाय सराव, दुसरा नाही. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीला आहे. पण परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घेता येतील तो आकडा लिहिलेला असतो. सराव केला की तीच काडतुसं संपतात. म्हणून बहुतेक परवानाधारकांचं हत्यार कपाटात पडून राहतं आणि निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा करायला तेवढं बाहेर निघतं.

आता परवान्याचं बोलू. कामोठे नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतं, त्यामुळे अर्ज आयुक्तालयाकडे, आणि चौकशी आपल्या इथल्या ठाण्याकडून. वय किमान २१. आपल्याला खरोखर गरज का आहे ते दाखवावं लागतं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, घरी सुरक्षित ठेवण्याची सोय दाखवावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच हत्यारं, असं ठरलं. सार्वजनिक ठिकाणी ते आवरणात, झाकलेलं न्यायचं, मिरवायचं नाही. जत्रा, मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार इथे न्यायचं नाही. आणि परवान्याशिवाय कोणी "स्वस्तात आणून देतो" म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यात तुरुंग आहे, आणि तसलं हत्यार हातातच फुटण्याची भीती वेगळी.

आणि पर्स? पर्स हीच सगळ्यांत वाईट जागा आहे. किल्ल्या, चार्जर, डबा, आणि त्यांच्यात सुटं हत्यार. चापात काय अडकेल सांगता येत नाही. ते काढायला चेन उघडायची, आत चाचपायचं, तोवर समोरचा थांबतो थोडाच? आणि आपल्या भागात चोरटा आधी ओढतो ते काय? पर्सच. मग सहा गोळ्या भरलेलं हत्यार त्याच्या हातात, आणि पोलीस ठाण्यात जाब द्यायला आपण. ज्यांना खरोखर जवळ बाळगावंच लागतं त्यांनी ते कमरेला, चाप झाकणाऱ्या पक्क्या आवरणात बाळगावं.

शेवटचा मुद्दा, आणि तो सांगताना आम्हाला जरा जड जातं. बलात्काराच्या नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांत बहुतेक वर्षी नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, वरिष्ठ. स्टेशनच्या अंधारातल्या अनोळखी माणसासाठी आपण हत्यार शोधतो, पण ज्याच्यासमोर पर्स सोफ्यावर टाकून आपण चहा करायला जातो, त्याच्यासाठी ते हत्यार उपयोगी पडत नाही. उलट घरात भांडण असेल तर ते कोणाच्या हातात जाईल, हा विचार आधी करावा लागतो. मफ पिस्तुलापासून निर्भीकपर्यंत प्रत्येक जाहिरातीतला हल्लेखोर अनोळखी आहे. तिथेच ती जाहिरात चुकते.

मग त्या मुलीला आमचं उत्तर काय? तू घेऊ नकोस, असं आम्ही म्हणणार नाही. शस्त्र कायद्याचा इतिहास सांगून झाल्यावर, दुसऱ्याने काय बाळगावं ते ठरवायला बसणं आम्हाला शोभणार नाही. एखादीला नाव-गाव माहीत असलेल्या माणसाकडून धमक्या येत असतील, तिने तक्रारी केलेल्या असतील, तर तिची गरज खरी आहे आणि तिने अर्ज जरूर करावा. फक्त क्रम उलटा करावा. आधी रेंजवर जाऊन .२२ वर शिकावं. मग .३२ हातात घेऊन बघावं, हलकंही आणि जडही, आणि दहा-वीस गोळ्यांनंतर ज्याच्यामुळे मनगट दुखत नाही, बोट चापापर्यंत सहज पोहोचतं, ते निवडावं. बहुतेक वेळा ते दोनांतलं जड निघेल. पर्समध्ये मावतं की नाही हा प्रश्न सगळ्यांत शेवटी यावा.

आणि धमकी कोणाची नसेल, फक्त ती दहा मिनिटं असतील? तर ती दहा मिनिटं पनवेल महापालिका, सिडको, पोलीस आणि आपण सगळ्यांची आहेत. परवा आम्ही चौघं रात्री साडेदहाच्या पुढे मानसरोवरहून मुद्दाम त्या रस्त्याने चालत आलो. मधल्या एका पट्ट्यात सलग पाच खांबांवरचे दिवे बंद होते. खांबांचे नंबर आम्ही टिपून घेतलेत. तक्रारीचा कागद मागे टेबलावर ठेवला आहे, जाताना सही करा. ११२ हा नंबर फोनमध्ये सगळ्यांत वर ठेवा, तेही करा. यामुळे सगळं सुटेल असा आमचा दावा नाही. दिवे लागले तरी भीती एका रात्रीत जात नाही, हे आमच्या घरातल्या बायकांनी आम्हाला नीट ऐकवलेलं आहे.

१८७८ साली सरकार म्हणालं, हक्क आहे, साधन नाही. २०१४ साली म्हणालं, साधन आहे, सव्वा लाख आणा. दोन्ही वेळा त्या बाईला कोणी विचारलं नाही की तुला नेमकी भीती कुठे वाटते. आपण निदान ते विचारू.

ती मुलगी आज आली आहे, तिथे मागेच बसली आहे. प्रश्नांना सुरुवात तिच्यापासूनच करू. बोल गं, आता सावकाश बोल. माइक तिच्याकडे द्या.